रद्दीच्या पोत्यातलं बाळ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, पोरीला नाही. जिच्या शेजारी बसून इतकी वर्षं कंपनीच्या बसनं बुटीबोरीला गेले, त्या मैत्रिणीलाही नाही. तिला तर मी काय काय सांगितलं होतं बापा — सासूचं, नणंदेचं, माझ्या पोटातल्या गाठीचंसुद्धा. हे मात्र नाही. आज तुम्हाला सांगून राहिले, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

आधी मी कोण ते सांगते. नाही, टाळत नाहीये — म्हणजे टाळतेच आहे थोडं, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी कुंदा. आमचं घराणं विणकरांचं. आजोबांच्या घरात माग होता, बाबांच्या काळात तो मोडीत निघाला, अन् मी कापडाच्या कारखान्यात लागले. चेकर म्हणून. सव्वीस वर्षं तेच काम. टेबलावरून ठाण सरकत जातं अन् आपण त्यातली चूक धरायची. तुटका धागा, गाठ, डाग, विरळ पडलेली वीण. डोळ्याला दिसायच्या आधी माझ्या बोटाला कळायचं. नवीन पोरींना सुपरवायझर माझ्याकडे पाठवायचे, म्हणायचे, कुंदाताईचा हात बघा. त्या हाताचा मला फार गर्व होता.

मग निवृत्त झाले. आता जित्याची खोड मेल्याशिवाय जाते का? कापड संपलं, तर मी बिल्डिंगच्या कचऱ्यात शिरले.

आमची बिल्डिंग तीन मजली, बारा घरांची. ओला कचरा रोज सकाळी गाडी घेऊन जाते. सुका कचरा न्यायला वच्छला यायची. मंगळवारी अन् शनिवारी. पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याखाली बसून ती पुठ्ठा वेगळा, रद्दी वेगळी, प्लास्टिक वेगळं असं करायची अन् कबाडीवाल्याला नेऊन विकायची. त्यावर तिचं घर. नवरा नव्हता, एक लेक अन् लेकीची लेक होती. बोलायला चुरचुरीत. कोणाच्या घरी काय शिजलं, कोण भांडलं, कोणी ऑनलाइन किती साड्या मागवल्या, सगळं तिला कचऱ्यावरून कळायचं. पण एका घरचं दुसऱ्या घरी तिनं कधी सांगितलं नाही. हे मी आज लिहून राहिले. जेव्हा सांगायला हवं होतं, तेव्हा नाही सांगितलं.

एका जानेवारीत तिचा हात फाटला. नाताळ अन् एकतीस डिसेंबर झाल्यावरचा कचरा काय असतो, तुम्हाला माहीत असेल. केकचे खोके, चमकी कागद, थर्माकोल, फुटक्या बाटल्या, अन् त्या सगळ्यावर संत्र्याची सालं. कोणीतरी नाताळच्या झाडावरचा काचेचा गोळा फुटला म्हणून तसाच पिशवीत टाकला होता. वच्छलानं हात घातला, तर काचेचा तुकडा अंगठ्याच्या बुडाशी थेट आत गेला. तळमजल्यावरच्या स्टेला मावशी निवृत्त नर्स. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, धुतलं, बांधलं, अन् पुढचे तीन आठवडे दर खेपेला पट्टी बदलली. मी जिन्यावर उभी राहून पाहिलं अन् माझं डोकंच फिरलं. शिकलेसवरलेले लोक, अन् कचरा टाकायची अक्कल नाही?

त्या दिवसापासून मी पदर खोचला. जिन्यापाशी फळा लावला. दर डिसेंबरात त्यावर माझ्या अक्षरात नाताळचे नियम. चमकी कागद मुठीत चुरगाळा, पुन्हा फुगून उघडला तर तो कागद नाही, रद्दीत टाकू नका. केकचा तेलकट खोका पुठ्ठ्यात नाही. लाइटांच्या माळा वेगळ्या. गव्हाणीचं तणस ओल्या कचऱ्यात. अन् काच फुटली तर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेननं फुली मारा. शेवटचा नियम मी मोठ्या अक्षरात लिहायची: कागदाच्या बोळ्याला वजन लागलं, तर उघडून पाहिल्याशिवाय पोत्यात टाकू नका.

लोक हसायचे. 'कचरा कमिशनर' म्हणायचे मागून. पण करायला लागले! अन् जे करत नव्हते, त्यांच्या पिशव्या मी स्वतः उघडायची. हो, दुसऱ्यांच्या पिशव्या. जिन्यातच पालथ्या करायची, वेगळं करायची, अन् मग दार वाजवून दोन शब्द सुनवायची. नवरा म्हणायचा, अगं लोकांच्या घाणीत काहून हात घालतेस? मी म्हणायची, वच्छलाचा हात वाचावा म्हणून. ते खरंही होतं. पण सगळं खरं नव्हतं. चूक सापडली की मला बरं वाटायचं. आतून बरं वाटायचं.

आता मावशींच्या बाळाचं.

बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर एकच, स्टेला मावशींचं. पण जिन्याखालची गव्हाणी, म्हणजे मातीच्या डोंगरासकट मांडलेला येशूच्या जन्माचा देखावा, ती सगळ्यांची. मावशींचे यजमान शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी मातीच्या मूर्ती केल्या होत्या — मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, एक बैल. अन् तळहातावर मावेल एवढं बाळ. बाळाचं नाक अंमळ मोठं झालेलं. मावशी दरवर्षी म्हणायच्या, बघ कुंदा, नाक कसं बापावर न जाता मास्तरांवर गेलं! अन् स्वतःच हसायच्या. मास्तर गेले, त्यांना पोरगी एकच, ती पुण्याला. मागे ह्या मूर्ती राहिल्या. चोवीस तारखेपर्यंत गव्हाणी रिकामी असायची, नुसतं तणस. पंचवीसला सकाळी आमच्या घरांतली पोरं दात न घासता खाली पळायची, बाळ आलं का बघायला.

जानेवारीच्या सहा तारखेला तीन राजांचा सण झाला की मावशी सगळं उतरवायच्या. एकेक मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून लाकडी पेटीत. बाळ सगळ्यात शेवटी, अन् ते कापसावर. हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे त्याच संध्याकाळी.

त्या दिवशी शनिवार होता. मी अकराच्या सुमाराला खाली उतरले. गव्हाणी उतरवलेली, पेटी उघडी, मावशी नाहीत. कापूस आणायला आत गेल्या अन् तेवढ्यात पुण्याहून पोरीचा फोन आला, त्यामुळे तिथेच अडकल्या. मला काय दिसलं? एक पिशवी. त्यात चमकी, तणस, वर्तमानपत्राचे बोळे, सगळं एकत्र. माझं टाळकं सरकलं. मावशी, तुम्हीसुद्धा? वच्छलाच्या हाताला तुम्हीच पट्टी बांधली नं? मी तिथेच बसले, पिशवी पालथी केली. तणस इकडं, चमकी तिकडं, कागद रद्दीच्या पोत्यात. पेटीशेजारी, खालच्या पायरीवर, एक कागदाचा बोळा वेगळा ठेवला होता. तोही उचलला अन् पोत्यात कोंबला. मग हात झटकून वर गेले, अन् बाराच्या आधी वच्छला पोतं घेऊन गेली.

आतापर्यंत एवढंच वाटेल तुम्हाला, की बाईच्या हातून चूक झाली. घाईत झाली. तुम्ही माफही कराल. मीही पहिल्या रात्री स्वतःला हेच सांगितलं.

पण मला वजन लागलं होतं.

हे लिहायला मला चार दिवस लागले. मला वजन लागलं होतं. लाल फुली नव्हती म्हणजे काच नाही, अन् नुसता कागद एवढा जड नसतो. माझ्या बोटाला कळलं. सव्वीस वर्षं ज्या बोटानं धाग्यातली गाठ धरली, त्याला तळहाताएवढी मूर्ती कळणार नाही? कळली. मी मनात म्हटलं, गव्हाणीच्या डोंगराची माती असेल. वच्छला यायची वेळ झाली होती. मला गुडघ्यावरून उठायचं होतं. अन् खरं सांगू? उघडून त्यात काही बरोबर निघालं असतं, तर मावशींना सुनवायची माझी मजा गेली असती. मी नाही उघडलं.

चार वाजता खालून रडण्याचा आवाज आला. मावशी मोठ्यानं रडणाऱ्या बाई नव्हत्या. मास्तर गेले तेव्हाही मी त्यांना पदरात तोंड घालून रडताना पाहिलं होतं. त्या दिवशी त्या जिन्याखाली जमिनीवर बसून एकेक मूर्ती पेटीतून काढत होत्या, उघडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. बाळ नव्हतं. चारपाच जण गोळा झालेले. मी वरच्या पायरीवरून पाहिलं, अन् दुसऱ्या क्षणाला मला ठाऊक होतं ते कुठं आहे. कठड्याला धरून उभी राहिले.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते तुम्हीच सांगाल. फोन करायचा होता. वच्छलाचा नंबर माझ्याकडे होता — 'वच्छला सुका' म्हणून सेव्ह केलेला. एक फोन. अगं वच्छला, पोतं रिकामं करू नको, त्यात बाळ गेलंय, माझ्या हातून गेलंय. किती सोपं! पण समोर फळा होता. माझ्या अक्षरात, मोठं मोठं — वजन लागलं तर उघडून पाहा. मी ते वाचत उभी राहिले. सगळी बिल्डिंग हसली असती हो. नुसतं हसली असती, आणखी काय? कचरा कमिशनरनं येशूच रद्दीत घातला! आठ दिवस हसली असती अन् विसरली असती. त्या हसण्याला मी भ्यायले.

आमचे सेक्रेटरी बोरकर साहेब म्हणाले, आज बाहेरचं कोण कोण आलं होतं? वच्छला आली होती ना? मी म्हटलं, हो, आली होती. ते खोटं नव्हतं. बघा, किती सांभाळून बोलायला लागले होते मी!

दुसऱ्या दिवशी रविवार, तिच्या येण्याचा वारही नव्हता. सकाळी दाराची बेल वाजली. वच्छला उभी. पदराच्या टोकात काहीतरी धरलेलं. मला म्हणाली, "ताई, हे मावशीचं बाळ हाय ना जी? रद्दीत भेटलं. माती लागली होती, मी कोमट पाण्यानं धुतलं हळूहळू. रंग नाही गेला, पाहा." तिला खालच्या रडारडीचं काही माहीत नव्हतं. ती मावशींकडे न जाता माझ्याकडे आली, कारण कचऱ्याचं सगळं माझ्याकडे असायचं. कचऱ्यात काही चांगलं सापडलं की ती माझ्याकडेच आणून द्यायची. एकदा कोणाची तरी सोन्याची बाळी आणून दिली होती. चांदीचा चमचा तर दोनदा. तिच्या नातीनं ते बाळ हातात घेऊन सोडलंच नाही म्हणे रात्रभर. तेही तिनंच हसत सांगितलं.

मी बाळ घेतलं. बरं केलंस म्हटलं. चहा विचारला नाही. जा तू, मी देते मावशींना, म्हटलं. ती गेली.

खाली मावशींच्या खोलीत बोरकर होते, त्यांची बायको होती, आणखी दोघी. मी बाळ मावशींच्या हातात ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं, नाकाचा मुका घेतला. सगळ्यांचे डोळे भरले, माझेही. माझे खरंच भरले होते. मग बोरकरांनी विचारलं, अहो पण कुठं सापडलं?

काय सांगायचं? वच्छलाला रद्दीत सापडलं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला — रद्दीत कोणी घातलं? अन् पिशव्या कोण पालथ्या करतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी विचार केला नाही असं नाही. मी केला. एक श्वास घेऊन केला. मग म्हटलं, "वच्छलाकडे होतं. मी विचारलं, तर दिलं काढून."

मी तिला काहीच विचारलेलं नव्हतं.

एका वाक्यात ती चोर झाली. आवाज चढवावा लागला नाही, शपथ घ्यावी लागली नाही. बोरकर म्हणाले, वाटलंच होतं मला. त्यांची बायको म्हणाली, कुंदाताईच्या नजरेतून काही सुटतं का? एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. अन् मावशी — मावशी म्हणाल्या, जाऊ द्या हो, गरीब बाई, नातीसाठी खेळणं वाटलं असेल, पोलिस-बिलिस काही नको. त्यांनी तिच्यावर दया केली. अन् ती दया मी ऐकून घेतली, मान हलवली. हो ना, असं म्हटलं.

मंगळवारी तिला फाटकातच थांबवायचं ठरलं. सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण कचऱ्याचं सगळं माझ्याकडे. मी सांगितलं, आता तू येऊ नको, बिल्डिंगवाल्यांचं ठरलंय. ती म्हणाली, काहून ताई? मी म्हटलं, ठरलंय. ती रिकामी पोती काखोटीला मारून परत गेली. खरं कारण तिला नंतर चौकीदारानं सांगितलं. शनिवारी ती पुन्हा आली. फाटकापाशी बोरकर होते, मी होते, भाजीच्या ठेल्यावर गल्लीतल्या बायका होत्या. वच्छला कोणाशी बोलली नाही. सरळ माझ्याकडे आली. भांडायला आलेली नव्हती ती. मोठा आवाजही नव्हता. म्हणाली, "ताई, मी सोता आणून देलं ना जी तुमाले. सांगा ना यायले."

सांगा ना यायले. ह्या सगळ्यांना सांगा, एवढंच मागितलं तिनं.

सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. ठेलेवाल्याच्या हातातला तराजूसुद्धा थांबला. मला वाटलं, सांगून टाकावं. खरंच वाटलं, जिभेपर्यंत आलं. अन् मग मी म्हटलं, "वच्छला, आता वाढवू नको. पोलिसात दिलं नाही हे नशीब समज."

मी कापडात हजार चुका पाहिल्या आहेत. पण माणसाचा चेहरा असा उसवताना तेव्हाच पाहिला. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली — मी कोण आहे, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं जणू. मग गेली. भाजीवर उभ्या बायकांनी आपापल्या बिल्डिंगमध्ये सांगितलं असणार, कारण महिनाभरात गल्लीतल्या बाकीच्या तीन बिल्डिंगांनीही तिला बंद केलं. चोर बाई कोण जिन्यात घेईल?

तुम्ही म्हणाल, मग नंतर तरी. एकांतात मावशींना तरी सांगायचं. हो. रोज ठरवायची. अन् रोज काही ना काही निघायचं. आज मावशींचा बी.पी. वाढलाय, आज घरी पाहुणे आहेत. सहा महिन्यांनी मी ठरवणंही सोडलं. फळा मात्र तसाच. नियम तसेच. पुढच्या डिसेंबरात मी नवीन खडू आणून पुन्हा लिहिले. फक्त शेवटचा नियम लिहिला नाही. तो काहून गेला, कोणी विचारलं नाही.

आता केकचं सांगायचं राहिलं. हे सांगणार नव्हते. पण अर्धा कबुलीजबाब म्हणजे पुन्हा एक खोटंच झालं.

त्याच डिसेंबरात, पंचवीस तारखेला, मावशींनी मला बोलावलं. बारा घरांसाठी बारा केक, करंज्या, नमकपारे बांधून ठेवलेले. त्यात एक तेरावा डबा. म्हणाल्या, कुंदा, हा वच्छलाला पोचव. सांग तिला, माझ्या मनात काही नाही, मी कधीच माफ केलं. सणाच्या दिवशी मनात कोणाबद्दल किल्मिष ठेवू नये. तुला तिचं घर माहीत आहे ना?

मला माहीत होतं. रिंगरोडच्या पलीकडे, नाल्याला लागून तिसरी गल्ली. मी डबा घेतला. घेऊन घरी आले. ओट्यावर ठेवला. दोन दिवस तिथेच होता. नवरा म्हणाला, हा कोणाचा? मी म्हटलं, जास्तीचा. तिसऱ्या दिवशी मी तो उघडला. केक ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. करंज्याही. पुठ्ठ्याचा डबा तेलकट झाला होता, म्हणून तो पुठ्ठ्यात नाही घातला. वरची लाल फीत प्लास्टिकची, ती वेगळी. सगळं नियमानं केलं. अन् मावशींना सांगितलं, दिला हो डबा, रडली बिचारी.

मावशी किती सुखावल्या! मला जवळ घेतलं त्यांनी. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा डबा आला. त्याच्या पुढच्याही वर्षी. चार नाताळ झाले, चार डबे. दर वेळी वच्छला थोडी वेगळी रडायची. एका वर्षी मी तिच्या नातीला शाळेत घातलं. एका वर्षी वच्छलाकडून मावशींच्या गुडघ्यांची चौकशी केली. माझी जीभ अशी सरावली होती, की सांगताना मलाच ते घर डोळ्यांपुढे दिसायचं.

खरी वच्छला मला एकदाच दिसली. ऑटोतून येत होते. उड्डाणपुलाखाली सगळा एकत्र कचरा पडतो तिथे ती वाकलेली होती. पत्रा नाही, सावली नाही, कोणी काही वेगळं करून दिलेलं नाही. नासलेलं अन्न, पट्ट्या, काचा, मेलेला उंदीर, त्या सगळ्यात कोपरापर्यंत हात. डाव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. ज्या हातासाठी मी तो सगळा खटाटोप मांडला, तोच हात. ऑटोवाल्यानं सिग्नलला गाडी थांबवली, अन् मी पदर तोंडावर ओढून घेतला. वास येतो म्हणून, असं त्याला वाटलं असेल.

या दिवाळीनंतर आठव्या दिवशी स्टेला मावशी गेल्या. झोपेतच. पुण्याहून पोरगी आली, चर्चची माणसं आली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, मधोमध मावशींची शवपेटी ठेवली. पाळकांनी बोलताना सांगितलं, की या बाईनं चोरी करणाऱ्यालाही दरवर्षी सणाचा वाटा पाठवला. मावशींच्या पोरीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं अन् ओल्या डोळ्यांनी हसली. वाटा पोचवणारी मी होते नं!

तेवढ्यात फाटकाबाहेर वच्छला दिसली. कोणी सांगितलं असेल तिला? मला नाही माहीत. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, डोक्यावर पदर. आत आली नाही. आत यायला आपल्याला मनाई आहे, हे ती विसरली नव्हती. केस पांढरे झालेले. तिथूनच पेटीकडे बघत होती. तीन आठवडे जिनं आपल्या हाताची पट्टी बदलली, तिला ती शेवटचं पाहायला आली होती. अन् मावशी तिला चोर समजतच गेल्या, हेही तिला ठाऊक असणार.

मी फाटकाच्या जवळच उभी होते. मध्ये पाच पावलं. माझ्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरची नवीन भाडेकरू, गेल्याच वर्षी आलेली. चांगली पोरगी आहे, तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं खांद्यावरची पर्स पुढे ओढून घेतली अन् मला विचारलं, "ताई, हीच का ती? बाळ चोरणारी?"

मावशी नव्हत्या आता. बोरकरही म्हातारे झाले, घरी पडून असतात. फळाही काढून टाकलाय, नवीन कमिटीनं तिथं आरसा लावलाय. मला हसायला कोणी उरलं नव्हतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर माझं काहीच जात नव्हतं.

मी म्हटलं, "हो, हीच."

मी ते हळू बोलले नाही. वच्छलाला ऐकू गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पेटीच्या दिशेनं हात जोडले, चपला पायात घातल्या अन् गेली. तिनं कधी काहीच चोरलेलं नव्हतं, अन् हे त्या अख्ख्या पार्किंगमध्ये दोघींनाच ठाऊक होतं.